अक्राणीचा डोंगर बघायचा तर श्रावणात नको, वैशाखात या

खापरपोळी (मूळ धागा)

दर श्रावणात इथे तोरणमाळचे फोटो येऊन पडतात. यशवंत तलावावरचं धुकं, सीताखाईत उतरणारे ढग, सातपायरी घाटातली ओली वळणं, आणि खाली 'स्वर्ग', 'खानदेशचं महाबळेश्वर' असल्या प्रतिक्रिया. फोटो सुंदर असतात, त्यावर वाद नाही. पण शाळेच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं नंदुरबार जिल्ह्यातल्या याच अक्राणी तालुक्यात, धडगावच्या पलीकडे एका पाड्याला लागून राहते आहे, आणि इथे राहणाऱ्या कुणालाही विचारा, आषाढ-श्रावण म्हणजे नुसता वैताग. चांदसैली घाटात दरड आली की तळोद्याकडची वाट बंद. लाइट गेली की कधी येईल ते कुणी सांगू नये. कपडे चुलीवर वाळवायचे, म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या अंगाला धुराचा वास. त्यात चुलीत घालायचं लाकूडही ओलं. लहान पोरं आजारी पडतात ती याच दिवसांत, आणि नाल्याला पूर असला तर झोळी बांधून, दोघांच्या खांद्यावर बांबू देऊन दवाखाना गाठायचा. धबधबे आहेत, भरपूर आहेत. त्यांच्याकडे बघायला सवड कोणाला?

तर माझं म्हणणं असं, की हा डोंगर बघायचा असेल तर वैशाखात या.

हसू नका. वैशाखात इथे हिरवं फारसं काही नसतं हे मलाही ठाऊक आहे. सागाला पान नाही, सलई नागडी उभी, गवत वाळून उडून गेलेलं, समोरच्या उतारावर वणव्याच्या काळ्या पट्ट्या. पावसात अंग भरून आलेला डोंगर आता म्हाताऱ्या बैलासारखा बरगड्या दाखवत बसलेला असतो. हिरवे ठिपके दिसतात ते आंब्याचे आणि मोहाचे. पण त्या दिवसांत माणसं घरी असतात, आणि माझ्या लेखी तेच खरं दृश्य आहे.

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. इथलं गाव खालच्या तापीकाठच्या गावासारखं दाटीवाटीचं नसतं. ओट्याला ओटा लागलेला नाही. एका टेकाडावर एक घर, घराभोवती त्याचं शेत, मग नाला, मग पुढच्या टेकाडावर दुसरं घर. सागाचे खांब, बांबूच्या कुडाला आतबाहेरून शेणमातीचा लेप, वर कौलं. माझ्या सासूबाई शिरपूर तालुक्यातल्या, जन्म धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात गेलेला. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, "एवढ्या लांब लांब राहून भांडणं कशी करतात हे लोक?" आता त्यांना समजलंय. हाक मारून करतात. या डोंगरातून त्या डोंगरात आवाज छान जातो.

दिवाळीत अस्तंब्याच्या शिखरावरची यात्रा झाली की हळूहळू घरं रिकामी व्हायला लागतात. ट्रक येतात आणि ऊसतोडीला गुजरातेत माणसं जातात, बायका-पोरांसकट. कोणी कापसाच्या कामाला सौराष्ट्रात. माघात पाड्यावरून चालत जा, दाराला काटी आडवी लावलेली घरं मोजत जाल. म्हातारी माणसं, बकऱ्या आणि त्यांच्याकडे ठेवलेली दोन-चार पोरं. माझ्या हजेरीपटावर त्या महिन्यांत 'गैरहजर'च्या खुणा खाली ओघळत गेलेल्या दिसतात. होळीला सगळे येतात, येतातच. होळीनंतर काही परत जातात, पण कैरी उतरायच्या वेळेला बहुतेक घरांतून धूर निघत असतो.

आणि मग आमचूर.

कुठल्याही अंगणात जा, कैऱ्यांचा ढीग आणि ढिगाभोवती घरातली सगळी बाईमंडळी. गावठी आंबा, कलमी नव्हे. पुरुष आणि पोरं झाडावर. कैरी खाली आपटली की जिथे मार लागतो तिथे डाग पडतो, म्हणून झेला लावून उतरवतात, टोपली दोरानं सोडतात. मग साल काढायची. हिरवं जराही राहता कामा नये, राहिलं की वाळल्यावर तेवढी कड काळी. लोखंडी सुरीनंही फोड काळी पडते, म्हणून सुरी स्टीलची. सोललेली कैरी कोयीपासून लांब लांब फोडींत कापायची, आणि खडकावर, पत्र्यावर, जुन्या लुगड्यावर पसरायची. चार-सहा दिवस कडक ऊन मिळालं तर फोड पांढरट, कडकडीत वाळते. सालं बकऱ्यांना. चिकानं बोटांची टोकं काळी होतात आणि कातडी सोलवटते. या दिवसांत पाड्यावरच्या कुठल्याही बाईचे हात बघा, नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत शाईत बुडवल्यासारखे.

सगळ्यात मोठा वैरी म्हणजे वळीव. दुपारी तीन-चारला नर्मदेकडून काळं दिसलं की इथून तिथून आरोळ्या सुरू. कोण लुगड्याची चार टोकं धरून पळतंय, कोण खडकावरचं सुपात भरतंय. भिजली की फोड काळी, आणि काळीचा भाव विचारू नका. गेल्या वर्षी मी, माझे यजमान आणि सासूबाई, तिघंही शेजारणीच्या खळ्यात धावलो होतो. निम्मं वाचलं.

माझ्या सासूबाई आणि ही शेजारची आजी, दोघींचं जमतं. एकीची अहिराणी, दुसरीची पावरी. दुपारी दोघी आंब्याखाली कैऱ्या सोलत बसतात आणि तासन्‌तास बोलतात. सासूबाई तिला "वं बहीन" म्हणतात. विषय काय असतात तर कोणाच्या गुडघ्याला काय लावलं, कोणाच्या सुनेला दिवस गेले, आणि सरकारी धान्याचा तांदूळ कसा शिजतच नाही. मी मध्ये काही विचारलं तर दोघी माझ्याकडे बघतात, शाळेतल्या पोराकडे बघावं तसं.

सुटी लागली की मी म्हणते, चला खाली, गावी जाऊ. सासूबाई म्हणतात खाली पंचेचाळीस डिग्रीत जाऊन काय भाजून घ्यायचंय? इथे दिवसा ऊन असतंच, पण रात्री अंगणात बाज टाकली की पहाटे गोधडी ओढावी लागते.

फोटो टाकत नाहीये. शेजारच्यांना विचारलं नाही, आणि विचारलं तर ते नाही म्हणतील अशी मला खात्री आहे. वैशाखाबद्दल तुमचं काय म्हणणं, लिहा.

पुणेकर_भटक्या

लेखन आवडलं, पण सहमत नाही. आम्ही चार मित्र ऑगस्टमध्ये तोरणमाळला गेलो होतो. सीताखाईच्या कड्यावर तासभर उभे होतो, समोर पांढरं सोडून काही नाही, मग दोन मिनिटं ढग फाटले आणि खालची दरी दिसली. ते मी विसरणार नाही. पर्यटक म्हणून जाणाऱ्याला वाळलेला डोंगर का बघावासा वाटेल? राहणाऱ्याचं सुख वेगळं आणि बघणाऱ्याचं वेगळं, एवढंच म्हणणं आहे. फोटो टाकले असते तर बरं झालं असतं.

तापीकाठ

ताई, तुन्हं लिखेल वाचीसन माले आम्हना गावनी आखाजी याद वनी. बाकीच्यांसाठी मराठीत लिहितो, नाहीतर पुण्याचे लोक भाषांतर मागतील.

आम्ही शिरपूरकडचे. वैशाख म्हटलं की आखाजी, म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. बाहेरच्यांना ती सोनं घ्यायचा दिवस वाटते. खानदेशात तो लेकी माहेरी यायचा सण. निंबाच्या फांदीला दोर बांधून झोके, गौराई, सांजोऱ्या, पुरणाची खापरावरची पोळी आणि आंब्याचा रस. बाया झोक्यावर गाणी म्हणत असतात आणि गडीमाणसं पत्ते कुटत असतात. काही लोक त्या पत्त्यांत बैलजोडी हरतात, तो वेगळा विषय. सालदाराचं सालही आखाजीला संपतं आणि आखाजीलाच नवं ठरतं. म्हणजे शेतकऱ्याचं खरं वर्ष इथून सुरू.

आमच्याकडे आखाजीला पितरांच्या नावानं पाण्याची घागर भरतात, वर डांगर म्हणजे खरबूज ठेवतात, आंबा ठेवतात. ते झाल्याशिवाय घरात कोणी आंबा तोंडाला लावत नाही. माझी आजी तर बाजारातून आणलेली पाटी कोठीत कुलूप घालून ठेवायची. डोंगरात आखाजीच्या आधीच कैरी कापायला घेतात असं दिसतंय. सासूबाईंना ते चाललं?

खापरपोळी

@तापीकाठ, पहिल्या वर्षी नाही चाललं. त्या कैऱ्या सोलायच्या, कापायच्या, पण एक फोड तोंडात टाकायच्या नाहीत. शेजारच्या आजीनं मीठ लावून पुढे केली तरी नाही. आजीला वाटलं हिला आंबट चालत नाही. आखाजीच्या दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी आपल्या हातानं मागून घेतली आणि तिखट-मीठ लावून दोघींनी ढीगभर संपवल्या. तेव्हापासून आजी लक्षात ठेवते.

@पुणेकर_भटक्या, ढग फाटतात ती दोन मिनिटं मलाही आवडतात. पण तुम्ही त्या दोन मिनिटांनंतर हॉटेलात गेलात, हे विसरू नका.

आकडेमोड

थोडं भूगोलाचं. तोरणमाळ साधारण ११५० मीटर, महाबळेश्वर १३५० च्या आसपास. त्यामुळे 'खानदेशचं महाबळेश्वर' म्हणणाऱ्यांनी दोनशे मीटर उधार घेतले आहेत. अस्तंब्याचं शिखर मात्र १३०० च्या वर जातं.

या भागाची खरी गंमत पाण्याची आहे. सातपुडा हा नर्मदा आणि तापी या दोन खचलेल्या खोऱ्यांच्या मधला उचललेला पट्टा. दोन्ही नद्या पश्चिमेला वाहतात त्या याच कारणानं. धडगावची उदाई उत्तरेला जाऊन नर्मदेला मिळते, आणि शहाद्यावरून जाणारी गोमाई प्रकाशाजवळ तापीला. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेला पाऊस समुद्राला मिळतो तो भरूचला आणि सुरतेला. धाग्यातल्या सासूबाईंचं माहेर तापीचं आणि शेजारच्या आजीचं पाणी नर्मदेचं. आणि हा नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झाला, त्यामुळे जुन्या पुस्तकांत अक्राणी शोधायची तर धुळ्यात, आणि त्याहून जुन्या पुस्तकांत पश्चिम खानदेशात शोधा.

रानपाखरू

मस्त लिहिलंय. पु.भा.प्र. (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत)

पावरा_पोर

मी त्याच भागातला. सध्या शिकायला नाशिकला. हा धागा मला शाळेतल्या एका मित्रानं पाठवला म्हणून खास खातं उघडलं.

मॅडमनी लिहिलंय ते खरं आहे, पण थोडं गोड लिहिलंय. आमचूर म्हणजे सण नाही, ते पैशाचं पीक आहे. वाण्याकडून आधीच उसनं आणलेलं असतं. लग्न असतं, बियाणं असतं, आजारपण असतं. फोड वाळायच्या आधी ती त्याच्या नावावर झालेली असते, मग भाव तो सांगेल तो. पांढरीचा वेगळा, काळीचा वेगळा, आणि पांढरीतही हात घालून तो तळातली एखादी काळी शोधून काढतोच. पाटीभर कैऱ्या सोलाव्या तेव्हा ओंजळभर आमचूर निघतं, आणि ती ओंजळ त्याच्या काट्यावर अजून हलकी होते. ऊसतोडीचंही तेच, मुकादमाची उचल घेतलेली असते म्हणून जावं लागतं. घर सोडून जायची हौस कोणाला नाही.

आता झाडांचं. आमच्याकडे जमिनीपेक्षा झाडाची वाटणी अवघड. माझ्या आजोबांच्या वेळची झाडं आहेत, प्रत्येकाला नाव आहे. एक केळ्या, फळ लांबट म्हणून. एक शेंदऱ्या. एक आहे त्याला नुसतं 'नाल्यावरचा' म्हणतात. वडील आणि दोन काका वेगळे झाले तेव्हा शेताचे बांध एका दिवसात पडले, पण नाल्यावरच्या झाडावरून वर्षभर बोलणं बंद होतं. शेवटी असं ठरलं की पूर्वेच्या दोन फांद्या मोठ्या काकाच्या आणि बाकी झाड आमचं. आजही तसंच आहे. मोठा काका आपल्या फांद्यांवर चढला की माझी आई खाली उभी राहून बघते, हात पलीकडे जातोय का. तो मुद्दाम एक कैरी आमच्या बाजूची तोडून तिच्या पदरात टाकतो. दोघं हसतात, पण बघणं काही ती सोडत नाही.

नर्मदेच्या काठाला माझी आत्या दिलेली. सरदार सरोवराच्या पाण्यात अक्राणी आणि अक्कलकुव्याची मिळून तेहेतीस गावं आली, त्यातलं तिचं एक. काही घरं खाली गुजरातच्या बाजूला किंवा तळोदा-शहाद्याकडे पुनर्वसनाला गेली, काही वर डोंगरात सरकली. ती वर सरकली. तिच्याकडे जायचं तर आता नावेतून. पाणी उतरतं तेव्हा उन्हाळ्यात काही ठिकाणी वाळलेल्या झाडांचे शेंडे वर येतात. आत्या नावेतून बोट दाखवून सांगते, हा आमचा, हा दिराचा. कोणी फोटो काढायला आलं की ती आत जाऊन बसते.

आणि होळीबद्दल एक. होळीआधीचा भोंगऱ्या बाजार, काठी गावची राजवाडी होळी, हे आता सगळ्यांना माहीत झालंय. या, बघा, ढोल-मांदळाचा आवाज ऐका. काठीची होळी रात्रभर नाचून पहाटे पेटते, तेवढा वेळ थांबा. पण ज्या माणसानं नवस धरलाय, जो बुध्या किंवा बावा झालाय, अंगावर राखेचे ठिपके, कमरेला भोपळे-घुंगरू, डोक्यावर मोरपिसांचा टोप, तो त्या दिवसांत देवाचा असतो. पायात चप्पल नाही, खाटेवर बसत नाही, आपलं जेवण आपलं वेगळं. त्याच्या खांद्यावर हात टाकून सेल्फी काढायचा नाही. मागच्या होळीला एक जण माझ्या चुलतभावाला म्हणाला, "जरा इकडे बघून नाचा ना." भाऊ काही बोलला नाही, कारण त्याला बोलायचं नव्हतं. मी बोललो असतो, पण आईनं मनगट धरलं.

पुणेकर_भटक्या

@पावरा_पोर, नीट लिहिलंत. होळीचा मुद्दा पटला. मी तिथे असतो तर बहुतेक त्या माणसासारखंच काहीतरी केलं असतं.

पांढरी-काळी सोडून भाव वाढवायचा काही मार्ग? म्हणजे थेट शहरात विकता येईल?

पावरा_पोर

बचत गटवाल्या बाया करतात थोडंफार. अडचण अशी की पाकिटात भरून विकायचं तर पावसाळाभर साठवायला कोरडी जागा लागते, आणि दोन-चार महिने थांबायला पैसा लागतो. जागा एखाद्याकडे निघते. थांबायला पैसा कोणाकडेच नसतो.

लेवा_माणूस

आम्ही यावलकडचे, म्हणजे त्याच सातपुड्याच्या पायथ्याचे, पण दीडशे किलोमीटर पूर्वेला. आमच्या बाजूला पाल हे थंड हवेचं ठिकाण आहे, मनुदेवीचं देऊळ आहे, यावलचं अभयारण्य १९६९ पासून आहे. डोंगरात पावरा-बारेला आदिवासी, पायथ्याला तडवी, आणि खाली केळीच केळी.

तुमचा वैशाख वाचून मत्सर वाटला. आमच्याकडे वैशाख म्हणजे बागेवर पहारा. तापलेला वारा सुटला की केळीची पानं चिंध्या होतात, घड काळे पडतात, म्हणून बांधाला शेवरीची नाहीतर नेटची आडोसा-भिंत. वादळ आलं तर रात्रीत बाग आडवी. मोटर चालू, लाइट रात्रीची, माणूस रात्रभर जागा. डोंगर आम्हाला रोज दिसतो, निळा, समोरच. वर जायला सवड नाही. आमचे आजोबा सांगायचे, डोंगर काळा दिसला की दोन दिवसांत पाऊस. वडील मोबाइलवर बघतात आणि मग तरी एकदा मान वर करून डोंगराकडे बघतातच.

बाकी डोंगरातल्या लोकांनी आम्हाला एक चांगलं दिलं, ते म्हणजे थंडीतल्या भरताला शेकोटी. काड्यांवर वांगी भाजायची ती कपाशीच्या पऱ्हाट्यांवर की तुरीच्या, यावर आमच्याकडे दोन पक्ष आहेत.

तापीकाठ

पऱ्हाट्यांवर. यात पक्ष कसले?

लेवा_माणूस

तुरीच्या काड्यांवर भाजून बघा एकदा, मग बोलू. आणि कळण्याच्या भाकरीबरोबर. ज्वारी-उडदाचं कळणं, दादर ज्वारी असेल तर अजून बरं.

आकडेमोड

भरताचा वेगळा धागा काढा, हात जोडतो. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन आहे, तेवढ्यावर थांबा.

ओवीमावशी

मी जळगावची, सध्या ठाण्यात. धागा छान. खापरपोळी, तू आमचूर एवढं सांगितलंस, पण तुमच्याकडे ते घालतात कशात? आमच्या घरी चिंचच असायची. आणि मुंबईच्या दमट हवेत आमचूर ठेवायचं कसं? मागे एका नातेवाइकांनी फोडी दिल्या होत्या, दोन महिन्यांत मऊ पडून जाळी धरली.

खापरपोळी

@ओवीमावशी, फोडी आणल्या की आधी एक दिवस परत उन्हात टाका, मुंबईत ऊन असेल तेव्हा. मग काचेच्या बरणीत, तळाला मिठाचा थर, वर फोडी, मध्ये मध्ये चिमूट मीठ. ओला हात नाही. पूड एकदम करू नका. पूड लवकर ओल धरते, फोडी टिकतात. लागेल तेवढ्या कुटायच्या.

घालायच्या कशात म्हणाल तर उडदाच्या डाळीत. इथे पाड्यावर उडदाची डाळ आणि मक्याची नाहीतर ज्वारीची भाकर हे रोजचं. आजीची पद्धत साधी आहे. सालीसकट उडीद मातीच्या मडक्यात शिजवायचे, घोटायचे, मीठ, वाटलेली हिरवी मिरची आणि आमचुराच्या दोन-तीन अख्ख्या फोडी. तेल नावाला. सासूबाईंना ते बेचव वाटायचं. त्या आपल्या पद्धतीनं लसूण ठेचून कडक फोडणी देतात, खोबरं-कांदा भाजून काळा मसाला, आणि शेवटी आमचूर. आता दोन्ही घरांत दोन्ही होतं. आजीचा नातू आमच्याकडे जेवायला आला की "खालची डाळ" मागतो, आणि आमच्या यजमानांना पोट बिघडलं की "वरची".

भाताबरोबर नको. भाकर कुस्करून, वर कच्चा कांदा.

@पावरा_पोर, वाण्याचं लिहिलंस ते मी लिहायला हवं होतं असं तुला वाटलं असेल. मला ते माहीत आहे. पण मी त्याच गावात शिक्षिका आहे, ज्याच्या काट्याबद्दल तू लिहितोस त्याच्याच दुकानातून माझं किराणा येतं, आणि त्याची मुलगी माझ्या वर्गात आहे. तू लिहिलंस ते बरं झालं. तुझ्या आईची ओळख करून दे एकदा. त्या कैरी पदरात टाकण्याबद्दल मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

पावरा_पोर

मॅडम, आई तुम्हाला ओळखते. तुमच्या सासूबाईंनी बाजारात तिच्याशी भांडून मोहाची फुलं स्वस्तात घेतली होती. ती सगळ्यांना सांगते.

खापरपोळी

हो, त्याच. सासूबाई म्हणतात मोहाची फुलं भाजून, तीळ-गूळ घालून लाडू केले की गुडघे दुखत नाहीत. फुलं घरात आली की यजमान मात्र दार लावून घेतात. गावात उगाच चर्चा नको म्हणून.

रानपाखरू

हाहा. मोहाचे दुसरे उपयोगही सासूबाईंना विचारून घ्या.

ओवीमावशी

मिठाच्या थराचं लक्षात ठेवते. पण मला खरं तर त्या दोघींचं दुपारचं बोलणंच जास्त आवडलं. ठाण्यात माझ्या मजल्यावर चार घरं आहेत, सगळी मराठी. कैरी सोलायला कोणी बसत नाही.

पुणेकर_भटक्या

बरं, मी हरलो असं समजा. पुढच्या मे महिन्यात यायचा विचार आहे. चौघे नाही, बायको आणि मी. कसं यायचं, राहायचं कुठे, आणि खरंच कोणाच्या अंगणात जाऊन बसलं तर चालतं का? उगाच कोणाच्या कामात लुडबुड नको.

पावरा_पोर

नंदुरबारला रेल्वेनं या, तिथून तळोदा, मग चांदसैली घाटानं धडगाव. किंवा शहाद्यावरून या. एसटी आहे, पण पुढे पाड्यावर जायला जीपच. जीप भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे वेळ विचारू नका. टपावर बसायला सांगतील, बसू नका, घाटात तुम्हाला सवय नाही. तोरणमाळला राहायची सोय आहे, धडगावात लॉज मिळेल.

अंगणात बसायचं तर आधी हाक मारा, लांबूनच. कुत्रं असतं. पाणी देतील ते घ्या. खाट देतील, बसा. दारू विचारतील, नको असेल तर नको म्हणा, कोणी रागावत नाही. बोलायला काही सुचलं नाही तर कैऱ्या सोलायला घ्या, सुरी एक जास्तीची असतेच. वहिनींना सांगा, बोटं महिनाभर काळी राहतील. ऑफिसात विचारलं तर काय सांगायचं ते आधी ठरवून या.

पुणेकर_भटक्या

ती नेलपॉलिश लावून जाईन म्हणते आहे.

खापरपोळी

नेलपॉलिश चिकात टिकत नाही. खोबरेल तेल आणा, सोलायच्या आधी हाताला चोळायचं, म्हणजे कातडी कमी सोलवटते. आणि येताना पुण्याहून चांगली स्टीलची सुरी दोन-तीन आणल्यात तर आजी तुम्हाला जेवल्याशिवाय सोडणार नाही. इथल्या बाजारातल्या दोन दिवसांत बोथट होतात.